न चाखलेलं दही

बाबांचं वजन रोज सकाळी सहा वाजता व्हायचं. हॉलमधल्या सपाट लादीवर मी काटा ठेवायचो, तो शून्यावर आहे ना हे दोनदा बघायचो आणि मग बाबांना हाक मारायचो. ते सदरा-पायजम्यात, भिंतीला हात लावत हळूहळू यायचे आणि काट्यावर उभे राहायचे. आकडा स्थिर व्हायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढा वेळही मला धीर धरवत नसे. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत मी वाकून बघत राहायचो. काट्यावर तुम्ही उभे राहिलात तर आकडा कधी थांबायचाच नाही, असं बायको म्हणायची. तिचं खरं होतं. मला एका जागी बसता येत नाही, लहानपणापासून.

बाबांच्या गालात आतून गाठ निघाली होती. तिच्यासाठी रेडिएशन झालं. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या इमारतीत सगळे त्याला शेक म्हणतात. शेक संपले, गाठ विरघळली, डॉक्टर खूश होते, पण तोंड आतून सगळं सोलवटून निघालं होतं. पोळीचा तुकडा काय, मऊ भातही त्यांना काट्यांसारखा लागायचा. अंड्याचा वास नको, प्रोटीन पावडरीचं दूध नको. नोकरीत असताना अंबरनाथच्या कंपनीत जड पाने-हातोडे सहज फिरवणारा फिटर माणूस, तो अठ्ठेचाळीस किलो सहाशे ग्रॅमवर आला.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. तीन आठवड्यांनी पुन्हा या. वजन अठ्ठेचाळीसच्या खाली गेलेलं असलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल, त्यात वाईट काही नाही, बरेच लोक त्यावर सुधारतात. बाबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर रिक्षात बसताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "नळी नको." चार वर्षांपूर्वी आईला अशीच नळी घातली होती. ती त्या नळीसकटच गेली. नळीमुळे गेली नाही, आजारानं गेली, हे मला कळत होतं. पण बाबांनी बघितली ती नळी.

म्हणून हा सगळा खटाटोप. आहाराचा सल्ला देणाऱ्या मुलीनं एक कागद लिहून दिला होता, त्यात मध्येच ग्रीक योगर्ट होतं. मी विचारलं, म्हणजे चक्काच ना. ती हसली आणि म्हणाली, चक्क्याच्या अलीकडचं. दही फडक्यात बांधून त्यातलं पाणी काढायचं, पण चक्क्याइतकं कोरडं करायचं नाही. पाण्याबरोबर दुधातली बरीच साखर निघून जाते, थोडं कॅल्शियमही जातं, पण मागे प्रथिनं दाट होऊन उरतात. साध्या दह्याच्या वाटीत असतात त्याच्या जवळजवळ दुप्पट. झीज भरून निघायला, तोंडाची कातडी पुन्हा धरायला तीच लागतात. शिवाय मऊ, गार, चावायला नको. बाबांना शुगर आहे, तेव्हा साखर घालायची नाही. शेवटी तिनं असंही सांगितलं की आंबट नको, झोंबलं तर लगेच बंद करा. ते मी ऐकलं आणि विसरलो. दुपटीचा हिशेब मात्र डोक्यात पक्का बसला.

बदलापुरात दुकानांतून फिरलो. मिळालं ते स्ट्रॉबेरीचं, गोड. तेव्हा मी ठरवलं की घरीच करायचं. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे, सत्तावीस वर्षं. माल आत आला की तपासायचा, बाहेर जाताना तपासायचा. दही मला काय अवघड जाणार, असं मला वाटलं. घरात दही लावायचं काम आईचं होतं. ती गेल्यावर आमच्याकडे पिशवीतलं दही येऊ लागलं आणि कुणाला काही खटकलं नाही.

तबेल्यातून म्हशीचं दूध आणलं. तापवलं, बेचाळीस डिग्रीपर्यंत निवू दिलं, त्यासाठी थर्मामीटर विकत आणला. पिशवीतल्या दह्याचं विरजण लावून भांडं टॉवेलात गुंडाळलं. इथवर ठीक होतं. पुढे मला राहवेना. अर्ध्या तासानं झाकण काढून बघितलं. मग पुन्हा. भांडं थोडं कलवून बघितलं, चमच्याच्या टोकानं कड दाबून बघितली. बायको म्हणाली, ते जमतंय तर जमू द्या की, तुम्ही दर वेळी त्याला उठवताय. शेवटी जमलं, पण चिरलेलं, पाणी सुटलेलं. म्हटलं बरंच झालं, पाणीच तर काढायचंय.

पाडव्याला आमच्याकडे चक्का जसा बांधतात तसंच मी ते बांधलं. मलमलचं फडकं, घट्ट गाठ आणि रात्रभर मोरीच्या नळाला टांगलेलं. चक्का असाच करतात, सगळ्यांच्या घरी. एप्रिलचा शेवट होता, स्वयंपाकघर पहाटेसुद्धा गरम. सकाळी फडक्यातून पांढरा घट्ट गोळा निघाला, मी तो दोन चमचे दूध घालून फेटला आणि तो तकाकायला लागला. दोन वाट्या भरल्या. एक बाबांच्या हातात दिली आणि समोर उभा राहिलो.

बाबांनी अर्धा चमचा तोंडात घातला. जरा वेळ गाल न हलवता तसाच ठेवला. मग गिळला.

"छान झालंय," ते म्हणाले. "ठेव तिथं, सावकाश खातो."

मला आभाळ ठेंगणं झालं. आम्ही नवरा-बायको दोघंही सकाळी बाहेर पडतो, ती एका कोचिंग क्लासमध्ये शिकवते. दिवसभर बाबा एकटे. एक वाटी अकराला, एक चारला, असं मी चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर चिकटवलं. संध्याकाळी आलो की दोन्ही वाट्या घासून ओट्यावर पालथ्या घातलेल्या असायच्या. कसं होतं विचारलं की उत्तर ठरलेलं, छान होतं.

आणि वजन टिकलं. अठ्ठेचाळीस सहाशे. अठ्ठेचाळीस पाचशे. पुन्हा सहाशे. मी कॅलेंडरवर आकडे लिहीत होतो. फडक्याखालच्या पातेल्यात साचलेलं पिवळसर पाणी गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालायचो, आमच्याकडे कढीपत्त्याला ताक घालतातच. कढीपत्ता जोरात होता. प्रत्येक खेपेतलं चमचाभर दही पुढच्या विरजणासाठी काढून ठेवायचो. कंपनीत दुपारच्या डब्याला मी माझी पद्धत इतकी रंगवून सांगायचो की दोघा-तिघांनी घरी करून बघितलं. एकानं विचारलं, चवीला कसं लागतं? मी म्हटलं, बाबांना आवडतं.

तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. आमच्या लॅबमध्ये इतकं स्थिर रीडिंग रोज आलं असतं तर मी उपकरण दुरुस्तीला पाठवलं असतं. घरी मात्र मी त्या आकड्यांवर खूश होऊन फिरत होतो.

बाराव्या दिवशी रविवार होता. दुपारी बायको पडली होती, बाबाही आतल्या खोलीत आडवे झाले होते. मला झोप येत नाही, म्हणून मी गॅलरीत कुंड्या सारख्या करायला बसलो. कढीपत्त्याच्या कुंडीत मुंग्यांची रांग लागली होती. माती खुरप्यानं जरा वर काढली तर आंबूस भपका आला आणि खाली पांढरे गोळे दिसले. एकावर एक थर, वाळलेले, अर्धे ओले. मी घालत होतो ते नुसतं पाणी. पाण्याचे गोळे होत नाहीत.

मी तसाच मातीच्या हातांनी आत गेलो. बाबांची बंडी दाराआडच्या खुंटीला होती, वजन करताना ती ते सदऱ्याच्या आत घालायचे. खुंटीवरून काढली आणि ती हातातून निसटणार होती, इतकी जड. आतल्या दोन्ही खिशांत लोखंडी नट होते, त्यांच्या कंपनीच्या काळातले, पलंगाखालच्या हत्यारांच्या पेटीतले. डाव्या खिशात जुनं कुलूपही होतं. भार दोन्हीकडे सारखा वाटलेला, चालताना तोल जाऊ नये म्हणून. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले तेव्हा एक किलो दोनशे भरले. बारा दिवस ते रोज थोडंथोडं वाढवत गेले होते, माझा आकडा हलणार नाही इतकं मोजून. फिटरचा हात होता तो.

म्हणजे खरं वजन सत्तेचाळीस चारशे. आणि हॉस्पिटलच्या तारखेला नऊ दिवस.

मी ओरडलो. आजारी माणसावर ओरडू नये हे मलाही कळतं, पण मी ओरडलो. नट टीपॉयवर ओतले, त्यांचा आवाज झाला तशी बायको उठून आली. मी म्हटलं, नळी नको म्हणून माझं मनगट धरता आणि इथे दही कुंडीत टाकता, मग नळी टळणार कशी, या लोखंडानं? हॉस्पिटलात काय हे सगळं घालून उभे राहणार होता? बाबा पलंगावर उठून बसले. पकडलं गेल्याचा भाव तोंडावर नव्हता. थकलेले होते फक्त.

"झोंबतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी नटांकडे बघितलं. बोलताना त्यांना त्रास व्हायचा, ते शब्द निवडून बोलायचे.

"तू चारदा उठून ते दही बघत होतास. तुझी आय नळीत असताना असाच करायचास, येरझारा घालायचास. तुला काय सांगायचं, पोरा."

मी स्वयंपाकघरात गेलो, फ्रिजमधली चारची वाटी काढली आणि एक चमचा तोंडात घातला. जीभ आक्रसली. दातांपर्यंत आंबट गेलं. माझं तोंड धडधाकट, तरी मी तो घास कसाबसा गिळला. आणि हे मी त्या सोललेल्या तोंडात रोज दोन वाट्या घालायला निघालो होतो.

बारा दिवसांत ते मी एकदाही चाखलं नव्हतं. आमच्या धंद्यात चाखणं हा गुन्हा आहे. लॅबमध्ये काहीही तोंडात घालायचं नाही, हे नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात, आणि सत्तावीस वर्षांत ते हाडांत मुरलं. डिग्री मोजल्या, तास मोजले, दह्याचं वजन केलं, बापाचं वजन केलं. दिवसभर पीएच बघणाऱ्या माणसाला दह्याचं आंबटपण बघायचं सुचलं नाही. श्रीखंडात साखर पडते म्हणून रात्रभर टांगलेल्या चक्क्याचं आंबट कुणाला कळत नाही, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. मला स्वतःची इतकी लाज फार कमी वेळा वाटली आहे. मी ओट्याला टेकून उभा राहिलो आणि बराच वेळ, माझ्या मानानं बराच वेळ, हललो नाही.

बाबा भिंत धरत आले आणि स्टुलावर बसले. ते लहानपणी बारवी धरणाकडच्या पाड्यावर वाढले, घरात चार म्हशी होत्या, हे मला माहीत होतं, पण गोष्ट म्हणून. दही कसं लावायचं हे मी मोबाईलवर बघितलं होतं. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला विचारलं नव्हतं.

त्यांनी थांबत थांबत सांगितलं. आधीच्या आंबट दह्याचंच विरजण मी पुढे लावत होतो, म्हणून प्रत्येक खेपेचं दही जास्त आंबट होत गेलं. विरजण ताजं, गोड हवं, आणि उन्हाळ्यात अगदी थोडं, भांड्याला आतून फासण्यापुरतं. दही सकाळी लावायचं, जमता जमता उचलायचं, अजून गोड असताना. त्यांच्या पाड्यावर मडकं ओल्या वाळूत पुरून ठेवायचे, आमच्याकडे फ्रिज आहे. बांधायचं तेही फ्रिजमध्येच, पातेल्यावर चाळण ठेवून, आणि तीन तासांत सोडायचं. नळाला टांगायचं नाही. मग त्यांनी माझ्या हाताकडे बोट केलं.

"आणि एकदा लावलं की हात नाय लावायचा."

विरजण आणायला त्यांनी मला उल्हासनगरला पाठवलं, कॅम्प चारला. मी शाळेत असताना आम्ही तिथे राहायचो. बदलापुरात काय दही मिळत नाही? पण मला वाटतं त्यांना मला थोडा वेळ घराबाहेर घालवायचं होतं. स्कूटर काढली आणि उन्हातून गेलो. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी ती डेअरी अजून होती. गल्ल्यावर आता त्या सिंधी शेठचा मुलगा बसतो, तोही पिकलेल्या केसांचा. मी दही मागितलं तर त्यानं विचारलं, "खाने का के जमाने का?" जमवायला, गोड पाहिजे म्हटल्यावर त्यानं पुढचं कुंडं सोडलं आणि आतून सकाळी लावलेल्या दुसऱ्या कुंड्यातलं दिलं. देण्याआधी स्वतःच्या तळहातावर थेंबभर घेऊन चाटलं. मी ते बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. बाबांच्या देखरेखीखाली दही लागलं. थर्मामीटरला त्यांनी हातही लावला नाही, करंगळी दुधात बुडवून, मनात काहीतरी मोजून म्हणाले, आता लाव. मग भांडं ओट्यावर ठेवून स्वतः स्टूल टाकून बाजूला बसले. दह्याची राखण करायला नव्हे, माझ्यापासून दह्याची राखण करायला. मी तीनदा आत गेलो आणि तीनदा त्यांनी नुसतं बघितलं. संध्याकाळी चाळणीवरून ते उतरवलं तेव्हा ते चक्क्यासारखं कोरडं नव्हतं, चमचा घातला की मऊपणे बाजूला व्हायचं. आहारवाली मुलगी म्हणाली होती ते हेच, चक्क्याच्या अलीकडचं.

त्यांनी पहिला चमचा मला दिला. साखर नाही, वेलची नाही, तरी चव गोडसर, दुधाची. मग त्यांनी घेतलं. मला समोर थांबायचं होतं. मी गॅलरीत गेलो आणि कुंडीतली खराब माती काढत बसलो. अर्धी वाटी संपायला त्यांना पाऊण तास लागला, आणि मी पाऊण तास बाहेर राहिलो.

त्यांची एक अट होती. काटा कपाटावर ठेवायचा, हॉस्पिटलच्या दिवसापर्यंत वजन करायचं नाही. मी मान्य केलं आणि लगेच पस्तावलो. पुढचे आठ दिवस मला फार वाईट गेले. आकडा नसला की मला काहीच कळत नाही. मी त्यांच्या मनगटाकडे बघायचो, पायजम्याच्या नाडीकडे बघायचो, गळ्याखालची हाडं कालच्यापेक्षा कमी दिसतात की जास्त, ते ठरवता येईना. बायको झोपली असताना एकदा कपाटाजवळ खुर्ची ओढली आणि परत ठेवली. वाट्या तीन झाल्या, चौथी कधीकधी. दह्याच्या पाण्यात बायको भाकरीचं पीठ मळायची, त्यातही ताकद असते म्हणून, आणि ती भाकरी दुधात कुस्करून बाबा दोन-चार घास घ्यायला लागले. हे सगळं दिसत होतं. पण ते किती ग्रॅम, हे कोण सांगणार?

तारखेच्या दिवशी सकाळी घाईघाईत निघालो. काट्याजवळ नर्सनं चपला काढायला सांगितल्या. बाबांनी चपला काढल्या. मग सांगितलं नसताना खिशातला रुमाल, चष्म्याचं घर, घराची किल्ली एकेक करून माझ्या हातात दिली, आणि सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. नर्सला काही कळलं नाही. ती म्हणाली, एवढं कशाला आजोबा. बाबा माझ्याकडे बघत काट्यावर चढले. ते तीन-चार सेकंद मी डोळे मिटून घेतले, आयुष्यात पहिल्यांदा मला आकडा बघायचा नव्हता.

अठ्ठेचाळीस किलो शंभर.

मागच्या वेळेपेक्षा कमीच, असं डॉक्टर म्हणाले, पण रेषेच्या वर आहे आणि तोंडही भरून येतंय. नळी आत्ता नको, महिन्यानं बघू. त्यांच्या कागदावर पाचशे ग्रॅमची घट होती. सातशे ग्रॅमची वाढ फक्त आम्हा दोघांना माहीत होती. मी जिन्यात थांबून रडलो. बाबा दोन पायऱ्या खाली उभे राहून वाट बघत होते.

घरी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. स्वयंपाकघरात गेलो तर दह्याचं फडकं नळाला टांगलेलं. सकाळच्या गडबडीत माझ्या हातांनी जुन्या सवयीनंच ते तिथं बांधलं होतं, आणि दिवसभर ते मेच्या उकाड्यात राहिलं होतं. दुसरं दही घरात नव्हतं. बघू तरी म्हणून मी वाटीत काढलं, आणि चमचा तोंडाशी नेईपर्यंत बाबांनी वाटी ओढून घेतली आणि टोकावर थोडं घेतलं. लगेच तोंड वेडंवाकडं केलं.

"आंबट झालंय," ते म्हणाले आणि वाटी माझ्याकडे सारली. "नाय खाणार."

इतका आनंद मला अठ्ठेचाळीस शंभरनंही झाला नव्हता. मी हसायला लागलो आणि ते माझ्याकडे बघत राहिले, हा आता का हसतोय म्हणून. मग आम्ही दोघं गॅलरीत गेलो आणि त्या वाटीत पाणी घालून, नीट ढवळून, ते कढीपत्त्याला घातलं.